गवत उन्हानं मरत नाही : वऱ्हाडातले रमणे आणि आमचा ई-क्लास



येत्या ग्रामसभेत आमच्या गावच्या ई-क्लासचा विषय आहे. अचलपूरच्या उत्तरेला, सातपुड्याचा पायथा जिथं सुरू होतो, तिथली बेचाळीस एकर बरड जमीन. प्रस्ताव असा, की अर्धी जमीन तीन पावसाळे ढोरांना बंद ठेवायची, तिथं बहुवार्षिक गवत लावायचं आणि दिवाळीनंतर कापून न्यायचं. पारावर बसलं की आजकाल हाच विषय. एक जण म्हणतो, "करूनच टाका एकदाचं." दुसरा म्हणतो, "मंग आमच्या बकऱ्या काय तुमच्या घरी बांधाच्या?" आणि सगळ्यात मोठे आबा विड्याचं पान लावता लावता म्हणाले, "गवत कोनी पेरते का रे बाप्पा? गवत तं आपोआप येते."

आबांचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण आबा लहान होते तेव्हा खरंच आपोआप येत होतं. मग यायचं बंद काहून झालं? बहुतेक जण सांगतात, पाऊस कमी झाला, ऊन वाढलं. मीही तेच समजत होतो. या उन्हाळ्यात जुनी पुस्तकं, गॅझेटियर थोडं वाचलं, गवताची माहिती असलेल्यांना विचारलं, आणि स्वतःच्या दोन एकरांत सात-आठ वर्षं जे हात पोळून घेतले ते आठवलं. त्यातून जे समजलं ते लिहितो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिले आपल्याकडचं गवत कोणतं ते पाहू. देशातल्या गवताळ रानांची पाहणी करून दबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी १९७३ मध्ये एक ग्रंथ लिहिला, तो भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं छापला. त्यांनी भारतातल्या गवताचे पाच मोठे प्रकार पाडले. त्यात आपला वऱ्हाड, आणि जवळजवळ सगळं दख्खनचं पठार, सेहिमा-डायकॅन्थियम या प्रकारात येतं. नाव अवघड आहे, गवत ओळखीचं आहे. सेहिमा म्हणजे पवन्या, काही भागात शेडा म्हणतात. तो मुरमाड, उताराच्या बरडावर येतो. डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. त्याला थोडी खोल, काळी माती मानवते, नाल्याच्या काठानं आणि धुऱ्यावर तो दिसतो. मारवेल ओळखायचा असेल तर कांडीचं पेरं पाहा. पेऱ्यावर पांढऱ्या केसांचं बारीक कडं असते. त्याच्या शास्त्रीय नावातला 'ॲन्युलॅटम' हा शब्द त्या कड्यावरूनच आला.

दोन्ही बहुवार्षिक. म्हणजे दरवर्षी बी पडून नव्यानं उगवायची त्यांना गरज नाही. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जाते, पण जमिनीलगतचा बुडखा आणि खालच्या मुळ्या जिवंत असतात. मे महिन्यात ४५ अंशात उभं राहून पाहिलं तर वाटते, मेलं. मृगाचा पाऊस पडला की आठ दिवसांत हिरवं. हे गवत आपल्या उन्हासाठीच घडलेलं आहे. आपल्याकडे ७००-८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अंजन गवत तर जोधपूरकडच्या त्याच्या निम्म्या पावसात तग धरते. तेव्हा पाऊस कमी झाला म्हणून गवत गेलं, हे कारण पटण्यासारखं नाही.

आता मागं जाऊ.

अचलपूर ही इमादशाहीची राजधानी होती, १४९० पासून १५७४ पर्यंत. राजधानी म्हटलं की घोडे, हत्ती, उंट, बैल आले. त्यांना वैरण लागते, आणि वैरण लांबून आणता येत नाही, कारण ओढणारा बैलच वाटेत अर्धी खाऊन टाकतो. म्हणून शहराच्या आसपास गवत राखावंच लागत होतं. अशा राखलेल्या रानाला आपल्या भाषेत रमणा म्हणतात. १८०३ चा हिवाळा पाहा. २९ नोव्हेंबरला अकोटजवळ अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. त्याच्या पत्रव्यवहारात तोफांइतकाच विषय बैलांचा आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा येतो. तोफा डोंगरातून ओढत गाविलगडाच्या उत्तरेला नेल्या, त्या बैलांच्याच जोरावर. आपल्याला शाळेत ही लढाई शिकवली, पण एवढ्या जनावरांनी नोव्हेंबर-डिसेंबरात खाल्लं काय, हे कोणी सांगितलं नाही. पावसाळा नुकताच संपलेला, रानात उभं वाळलेलं गवत. तेच खाल्लं असणार, दुसरं काय होतं?

पुढे अचलपूरजवळ, म्हणजे आजच्या परतवाड्याला, हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. घोडदळ आलं की गवत कापणारे आले, राखणदार आले.

रमण्याचा कायदा साधा असे. पाऊस पडला की बंद. दसरा-दिवाळीपर्यंत आत ढोर नाही. गवत फुलावर येऊन गेलं की कापायचं, गंजी लावायची. मग खुंटावर ढोरं सोडायची. हे काही गावाच्या भल्यासाठी नव्हतं, हेही लक्षात ठेवा. राजाच्या, नाहीतर साहेबाच्या घोड्यासाठी होतं, आणि आत शिरलेल्या गायक्याला फटके पडत असतील. पण गवताला त्याच्याशी काय देणं-घेणं. त्याला पावसाळाभर मोकळीक मिळत होती, म्हणून ते टिकत होतं.

गावाजवळ पडीत भरपूर होतं. हलकी जमीन दोन-तीन वर्षं पेरायची, मग सोडून द्यायची, असा रिवाज. सोडलेल्या वावरात आधी कुसळ येते, मग हळूहळू पवन्या, मारवेल. अशा रानावर वऱ्हाडचे बैल पोसले गेले. उमरडा, खामगावी ही नावं अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. लांब, तलवारीसारख्या शिंगांची आपली म्हैस, जिला आता सरकारी कागदात नागपुरी म्हणतात, तिला जुन्या पुस्तकांत एलिचपुरी म्हटलेलं सापडते. आपल्या गावाच्या नावाची म्हैस, राजेहो. आता अख्ख्या गावात शोधली तर दोन निघतील.

मग १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, आणि कापसाचा काळ सुरू झाला.

कापूस आपल्याकडे आधीही होताच. पण १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्यांना दुसरीकडून कापूस पाहिजे होता. भाव एकदम चढले. जी. आय. पी. रेल्वे वऱ्हाडातून जाऊन १८६७ मध्ये नागपूरला पोचली. त्याच दशकात मुंबईच्या पद्धतीनं जमिनीची मोजणी आणि सारा-आकारणी सुरू झाली. या तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या, आणि गवताच्या मुळावर आल्या.

भावाचं आणि रेल्वेचं लवकर ध्यानात येते. साऱ्याचं मात्र थोडं समजून घ्यावं लागते. वावर तुमच्या नावानं लागलं की त्याचा सारा तुम्ही भरायचा, पेरा की पडीत ठेवा. मग पडीत ठेवणं परवडते कोणाला? ज्या बरडाला चार वर्षांची सुटी मिळत होती, त्यावर दरवर्षी वखर फिरायला लागला. वखराची पास एकदा गवताच्या बुडख्याखालून गेली, की शंभर वर्षांचं गवतही दोन हंगामांत संपते. नांगरटीत टिकून राहिले ते फक्त हराळी आणि कुंदा, आणि त्यांना आपण आजही शिव्या देतो. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर, आणि नंतर मध्य भारतातल्या गुराढोरांवर, इंग्रजीत दोन पुस्तकं लिहिली. चराईची रानं कापसाखाली गेली आणि राखीव जंगलात अडकली, त्यामुळे ढोरं आणि ढोरांमागोमाग माणसं दुष्काळासमोर उघडी पडली, असं त्यांचं म्हणणं आहे. कोणाला इंग्रजी वाचायची सवय असेल तर मिळवून वाचा.

राखीव जंगलाचंही सांगतो. मेळघाटचं लाकूड सरकारनं ताब्यात घेतलं. वऱ्हाडच्या सरकारी जंगलाचे वर्ग पाडले: ए म्हणजे लाकूडफाट्यासाठी, बी म्हणजे वैरणीसाठी राखलेलं, सी म्हणजे चराईचं. कागदावर पाहिलं तर वाईट नाही. चाऱ्यासाठी वेगळा वर्ग आहे, म्हणजे कापायचं गवत आणि चरायचं गवत यांतला फरक त्या साहेबाला कळत होता. पण आत जायला फी लागायला लागली. ज्याच्याकडं पैसा त्याला राखलेलं गवत, आणि बाकी सगळ्यांची ढोरं उरलेल्या उघड्या तुकड्यावर. तो तुकडा लहान होत गेला आणि ढोरं तेवढीच राहिली. जमिनीला अक्षर लावायची ती सवय आपल्या महसुलात कायम राहिली. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला गायरान म्हणतात, त्याला आपण आजही ई-क्लास म्हणतो. आमच्या पोट्ट्यांना वाटते ई-क्लास म्हणजे गचाळ, पाचव्या नंबरची जमीन. नावाचाही परिणाम होतो माणसावर.

१८९९-१९०० चा दुष्काळ आला, तेव्हा याची किंमत कळली. त्याआधी तीन वर्षांपूर्वी, १८९६-९७ मध्ये, एक होऊन गेलाच होता. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजार होती, १९०१ मध्ये २७ लाख ५४ हजार. दहा वर्षांत वाढायची ती उलट सव्वा-दीड लाखानं घटली. ढोरं किती मेली असतील त्याचा अंदाज करा. कापूस खाता येत नाही, पऱ्हाटीही ढोरं फार खात नाहीत, आणि ज्वारी पिकली नाही तर कडबाही नाही. जुन्या काळी ज्वारी हुकली तरी रमणा असे. या वेळी तो नव्हता.

पुढचं थोडक्यात. १९१० नंतरच्या काही वर्षांत मूर्तिजापूरहून अचलपूरला आपली शकुंतला आली, कापूस न्यायलाच. १९९० नंतर सोयाबीन आलं, ज्वारी गेली, तिच्यासोबत कडबा गेला. आता ढोरापुढं सोयाबीनचं नाहीतर हरभऱ्याचं कुटार. आणि २००६ मध्ये आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज आलं, त्यात दुधाळ गायीही वाटल्या गेल्या. गायी आल्या, पण त्यांनी खायचं काय हे कोणी विचारलं नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरी आलेली संकरित गाय दीड वर्षात विकावी लागली, ढेपीचा खर्च दुधापेक्षा जास्त होत होता.

आता आबांच्या वाक्याकडे परत येतो. ई-क्लासवर तर वखर फिरला नाही. तिथलं गवत का गेलं?

त्याचं उत्तर जून-जुलैत आहे. बहुवार्षिक गवत पहिल्या पावसावर जो हिरवा कोंब काढते, तो मुळ्यांत साठवलेल्या जेवणावर काढते. म्हणजे गेल्या वर्षीची शिल्लक मोडून. तीन-चार आठवडे पानं वाढली की मग ती पानं ऊन खाऊन नवं जेवण तयार करतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ते परत मुळ्यांत जमा होते. आपण काय करतो? उन्हाळाभर कुटारावर काढलेली ढोरं, पहिला हिरवा ठिपका दिसला की ई-क्लासवर सोडतो. ढोर तो कोंब खाते. गवत परत काढते, परत शिल्लकीतून. तेही ढोर खाते. असं तीन-चारदा झालं की खातं रिकामं. ऑगस्टात तो बुडखा मरते, भर पावसात, चिखलात. उन्हानं नाही मरत. आपण पाहायला जातो उन्हाळ्यात, म्हणून नाव उन्हाचं होते.

पवन्या-मारवेल गेले की जागा रिकामी राहत नाही. आधी कुसळ वाढते. कोवळं असताना ढोर खाते, पण टोकदार बी धरलं की तोंडात, कातड्यात घुसते. मग तेही जाते आणि तरोटा, गाजरगवत, रानतुळस. आमचा ई-क्लास आज तिथंच आहे. ऑगस्टात लांबून हिरवागार दिसतो, जवळ जाऊन पाहा, ढोराच्या कामाचं एक पान नाही.

आता माझी फजिती. माझ्या वावराच्या वरच्या अंगाला दोन एकर बरड आहे, सोयाबीन तिथं दरवर्षी दगा देई. म्हटलं गवत लावू. एका दुकानातून अंजनाचं बी आणलं, नुकतंच निघालेलं ताजं बी म्हणून जास्त पैसे दिले. तिफणीनं पेरलं, सोयाबीनसारखं, दोन-अडीच इंच खोल. उगवलं काय? तरोटा. शेजारचे काका महिनाभर रोज विचारत, "भाऊ, गवताले निंदन कधी हाय?"

तीन चुका होत्या. एक तर या गवतांचं ताजं बी झोपलेलं असते. सहा महिने ते वर्षभर ठेवल्यावर ते नीट उगवते. मी जुनं टाळून ताजं घेतलं, ते पण जास्त भावानं. दुसरं, बी इतकं हलकं, केसाळ, की त्याला अर्ध्या इंचाच्या वर मातीच सहन होत नाही. ओल्या मातीत नाहीतर शेणकाल्यात चोळून, गोळ्या करून, ओळीत वरवर टाकायचं आणि काट्याची फांदी फिरवायची. तिसरं, तरोट्याचं बी जमिनीत आधीच लाखानं पडलेलं होतं, त्याचा बंदोबस्त केला नाही.

दुसऱ्या वर्षी बी सोडलं आणि ठोंबांकडं वळलो. पण मारवेलचे ठोंब आणायचे कुठून? गावात फिरलो तेव्हा एक गोष्ट दिसली. मारवेल तीनच ठिकाणी शाबूत होता: स्मशानाच्या कुंपणात, एका जुन्या विहिरीच्या धुऱ्यावर, आणि शकुंतलेच्या रुळांच्या कडेनं. गाडी बंद पडून बरीच वर्षं झाली, पण रुळाच्या दोन्ही बाजूंची ती पट्टी, शंभर वर्षं झाली, कोणी वखरली नाही. कापूस नेण्यासाठी टाकलेल्या लाइनीनं कापसानं खाल्लेलं गवत जपून ठेवलं होतं. मला त्या दिवशी फार हसू आलं, सोबतच्या पोराला काही समजेना.

लाइनीवरून फक्त बी तोडलं. ठोंब घेतले ते आमच्या विहिरीच्या धुऱ्यावरून आणि एका मित्राच्या बांधावरून. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, झिमझिम पावसात, दीड फुटाच्या ओळी आणि फूटभर अंतर, एका जागी दोन फुटवे. निंदण दोनदा, तरोटा फुलायच्या आधी उपटून. पहिलं वर्ष एकही ढोर आत घातलं नाही, घरच्यांची बोलणी खाल्ली. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी एक कापणी. तिसऱ्या वर्षी दोन एकरांतून साडेतीन हजार पेंढ्या वाळलं गवत निघालं. बागायती नेपियरच्या पुढं हे काहीच नाही, मान्य. पण याला मी ना पाणी दिलं, ना दरवर्षी बी घेतलं, आणि ज्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला त्या वर्षीही ते उभं होतं.

कृषी विभागातले, विद्यापीठातले मित्र ही पोस्ट वाचतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मारवेलचे निवडलेले वाण दिलेले आहेत, फुले मारवेल ०६-४० आणि फुले गोवर्धन. ज्यांची जमीन बरी आहे त्यांनी ते जरूर लावावेत. माझ्या उथळ बरडावर गावठी मारवेल आणि वरच्या चढावर पवन्या यांचं जमलं, एवढंच म्हणतो. आणि कापणी फुलावर असतानाच करा. पिवळं पडेपर्यंत थांबलं की वजन दिसते, पण प्रथिनं निम्म्यावर येतात, मग ते कुटाराहून वेगळं नाही. कापताना चार बोटं खुंट ठेवा.

अंजनाबद्दल एक सावधगिरी. हे गवत ऑस्ट्रेलियात १८७० च्या सुमारास उंटांच्या खोगिरात भरलेल्या गवतातून गेलं असं सांगतात. तिथं ते इतकं माजलं, की आता काही भागांत तणच समजतात, कारण वाळलं की वणव्याला जोर देते. आपल्याकडे ते देशी आहे, इतकं भ्यायचं कारण नाही. पण जंगलाला लागून असलेल्या ई-क्लासवर नुसतं अंजन नको, पवन्या-मारवेलच बरे, असं माझं मत.

"एवढं मोठं रान सुधरते का पण?" हा पुढचा प्रश्न. त्याला उत्तर आपल्या डोक्यावरच्या डोंगरात आहे. मेळघाट व्याघ्रप्रकल्पातून बोरी, कोहा, कुंड ही गावं बाहेर बसवली, त्यांची वावरं रिकामी झाली. रिकाम्या वावरात गवत आपोआप आलं का? आधी तरोटा आणि रानतुळसच आली. चिखलदऱ्याच्या महाविद्यालयातले गवततज्ज्ञ डॉ. गजानन मुरतकर आणि वनखात्याच्या माणसांनी तिथं कुरणं तयार केली. पद्धत कष्टाची पण साधी आहे: तण फुलायच्या आधी उपटायचं, असं सलग काही वर्षं, आणि आजूबाजूच्या रानातल्याच चांगल्या गवताचं बी गोळा करून टाकायचं. आज तिथं सांबर-गवे चरतात. त्यांना लागते तेच गवत आपल्या गायीला लागते.

ती मात्र माणसं हलवून रिकामी केलेली जमीन. आपल्याला माणसं, ढोरं सगळी गावातच ठेवून करायचं आहे. त्यासाठी पायविहीर पाहा. परतवाड्यापासून जवळच आहे, गाडीवर जाऊन या. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्या गावाला २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टर वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. 'खोज' संस्था सोबतीला होती. उघडा पडलेला डोंगर होता. गावानं स्वतः नियम केले, कुऱ्हाड बंद, चराईला आवर, पाणी अडवलं, झाडं लावली, आणि तिथली सीताफळं मुंबईपर्यंत गेली. २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उपातखेडा, खतिजापूर, जामापूर ही शेजारची गावंही त्याच वाटेनं गेली. वाशिम-अकोल्याकडे फासेपारधी समाजाच्या लोकांनी 'संवेदना' संस्थेसोबत माळरानं राखली, ती तणमोर पक्ष्यासाठी, पण गवत तर वाढलंच.

रमणा राजानं बंद केला, बी वर्ग साहेबानं बंद केला, पायविहीर गावानं बंद केलं. गवताला तिन्ही सारखे. माणसाला नाहीत. ज्याच्याकडे वावर आहे त्याची ढोरं धुऱ्यावर, कुटारावर निघून जातील. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही आणि आठ बकऱ्या आहेत, त्याचा पावसाळा ई-क्लासवरच निघतो. आमच्या गावात अशी एकोणीस घरं मी स्वतः मोजली. दीडशे वर्षांपूर्वी फी लावली तेव्हा पहिला मार अशाच घरांना बसला होता. आज आम्ही बेचाळीसच्या बेचाळीस एकर बंद केली तर तेच होईल, फक्त या वेळी साहेबाच्या जागी आम्ही असू. मागच्या वर्षी मीच "सगळं बंद करा" म्हणत होतो. पारावर एका बाईनं मला विचारलं, "भाऊ, तुमचं दोन एकर बंद केलं तवा तुमच्याजवळ बाकीचं वावर होतं ना?" मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून मी ग्रामसभेत असं मांडणार आहे. अर्धीच जमीन बंद, नाल्याकडची, जिथं माती आहे. वरची अर्धी उघडी. बंद भागात पहिल्या दोन वर्षांचं निंदण-लावणीचं काम रोजगार हमीतून, आणि ते आधी त्या एकोणीस घरांना. बकऱ्यांसाठी कडेनं सुबाभूळ, अंजनाचं झाड, बोर यांची रांग, पाला तोडून न्यायला मोकळी. कापणी सुरू झाली की बिनजमिनीच्या घरांना गवताचा पहिला वाटा, फुकट, मग बाकीच्यांना पेंढीमागं पैसे. तीन वर्षांनी खालची उघडायची, फक्त दिवाळीनंतर, आणि वरची बंद करायची. जून-जुलैत बंद भागात कोणाचंच ढोर नाही, सरपंचाचं नाही आणि माझंही नाही. यातलं किती मान्य होते ते पाहू. बकरीवाल्यांचं म्हणणं आहे की राखणदार त्यांच्यातलाच पाहिजे. मला ते बरोबर वाटते. काही लोकांना वाटत नाही.

आबांना परवा दोन एकरांत नेलं. मारवेलचा बुडखा हातानं हलवून पाहिला, पेऱ्यावरचं कडं नखानं खरवडलं, आणि म्हणाले, "हे तं आमच्या टायमाचं हाय." मग घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत.

ज्यांना ठोंब पाहिजेत त्यांनी मृगाचे दोन चांगले पाऊस पडल्यावर या. पोतं आणि कुदळ स्वतःची आणा, पैसे लागत नाहीत. एका माणसाला दोन पोते, कारण माझेही वरच्या चढावर अजून लावायचे राहिले आहेत. उपटल्यावर मुळ्यांना ऊन लागू देऊ नका, ओल्या बारदानात गुंडाळा, आणि शक्य तर त्याच दिवशी लावा.

ग्रामसभेत काय झालं ते कळवतो.